नवव्या गाण्यामागची घरघर

अल्बम आल्यावर पहिल्या आठवड्यात खिळ्यानं एकूण एक प्रतिक्रिया वहीत उतरवून घेतली. चांगलं म्हणणारे एकतीस, नावं ठेवणारे अठ्ठावीस, आणि न ऐकताच मत देणारे नातेवाईक सात. काका दोन्हीकडे धरावे लागले. सकाळी ते ‘नाव काढलंस’ म्हणाले आणि संध्याकाळी ‘हे गाणं आहे की भांडण’ म्हणाले.

खिळा हे त्याचं रॅपमधलं नाव. सकाळी तो गोदामात खोक्यांना चिकटपट्ट्या लावायचा आणि दुपारी दोनला सुटायचा. सहा वर्षं पुलाखाली, सायकल स्टँडवर, बोलावणं नसलेल्या लग्नांत गाऊन झालं, तेव्हा कुठे नऊ गाण्यांचा हा पहिला अल्बम निघाला. नाव ‘एका दमात’. प्रत्येक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच म्हटलेलं, कुठे जोड नाही. याचा त्याला भारी माज.

“अरे, सगळे जोडतात,” कानसेन म्हणायचा. हा त्याचा मित्र श्रवणयंत्रांच्या दुकानात कामाला, म्हणून रेकॉर्डिंगचं खातं आपोआप त्याच्याकडे आलं होतं. “चार-चार ओळी म्हण, मी शिवून देतो. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“माझ्या बापाला कळेल.”

ते खरंच होतं, कारण बाप शेजारीच बसलेला असायचा. घरात दोन खोल्या. बाहेरच्या खोलीच्या खिडकीखाली पत्रे कापण्याचा कारखाना, त्यामुळे रेकॉर्डिंग आतल्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून. त्याच खोलीत बाबांची खाट आणि खाटेशी ऑक्सिजनचं मशीन. बाबांनी तीस वर्षं दगड कापले, त्यातली निम्मी धूळ छातीत भरून घरी आणली. मशीन दिवसरात्र घरघरायचं. दुसऱ्या खोलीत नेलं तरी मधली भिंत प्लायवूडची. आणि तो घरी आला की ताई शिलाईच्या कारखान्यात जायची, ती सातला येईपर्यंत बाबांना एकटं सोडता येत नव्हतं.

तोड बाबांनीच काढली होती. “तुझं गाणं किती मिनिटांचं?”

“चार.”

“मग चार मिनिटं बंद कर. मी काय मरतोय?”

खिळा डोळे मिटून गायचा, म्हणून ठरलं होतं की दम संपला की बाबांनी काठी त्याच्या गुडघ्याला लावायची. काठी लागली की गाणं तिथंच थांबवून मशीन सुरू करायचं, बाबा सावरले की पुन्हा पहिल्यापासून. आठ गाणी अशी झाली. तिसऱ्या गाण्याला काठी पाच वेळा लागली. बाबांना हे काम आवडायचं, भेटायला येणाऱ्यांना ते सांगायचे, “आमच्या स्टुडिओत चहा मिळत नाही.” ताईला सांगायचं नाही, एवढं मात्र बापलेकांनी न बोलता ठरवलं होतं.

नववं गाणं रेकॉर्ड करायच्या दिवशी बाबांचे ओठ सकाळपासूनच काळवंडले होते. ते गाणं मशीन चालू ठेवून झालं.

एका नावाजलेल्या समीक्षकानं लिहिलं, ‘या आवाजात अशी घाई आहे, जणू मागे कुणाचा तरी जीव जातोय.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘एवढी कसली घाई? पोरानं श्वास तरी घ्यावा.’ खिळ्यानं एक इकडे मांडला, एक तिकडे. नवव्या गाण्यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत झालं: गाणं सगळ्यांत चांगलं, मागची घरघर भिकार.

मग रेडिओवरच्या बाईंचा फोन आला. शुक्रवारी नववं गाणं लावू, पण घरघर काढून द्या.

कानसेननं सगळं करून पाहिलं. “घरघर काढली की तुझा आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय. परत म्हण. जोडून म्हण, बाबा रे.”

“अल्बमचं नाव काय आहे?”

“नाव गेलं खड्ड्यात.”

ताईला अल्बम ऐकायला वेळ मिळाला तो बुधवारी, बसमध्ये. घरी आली, चप्पल न काढता आत गेली, खाटेकडे पाहिलं आणि बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

“नवव्या गाण्यात मशीन ऐकू येतंय.”

“हो, सगळे तेच म्हणतायत.”

“आधीच्या आठांत कुठंय?”

एवढ्या मतांमध्ये हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. खिळ्यानं वही मिटली.

“त्यांनीच सांगितलं बंद करायला,” तो म्हणाला.

“ते सांगणारच. तुला अक्कल नको? चार ओळी म्हणून थांबता येत नव्हतं?” ती ओरडली नाही. “पुन्हा हात लावलास त्या बटणाला तर बघ.”

“नाही लावणार. शपथ.”

शपथ त्यानं पाळली. गुरुवारी दुपारी बाबांच्या अंगात कणकण होती. तो मशीन चालूच ठेवून, नुसत्या सरावासाठी हेडफोन चढवून उभा राहिला. रेकॉर्डिंगही चालू केलं, सवयीनं. डोळे मिटले. दुसऱ्या कडव्यात घरघर थांबली.

बटण बाबांनीच बंद केलं होतं.

खिळ्याला ते त्याच क्षणी कळलं. काठीची वाट पाहत तो गात राहिला. आवाज कधी लागला नव्हता इतका सुरेख लागला होता. काठी लागली नाही. शेवटच्या सहा ओळी राहिल्या, तेव्हा त्याला खाटेकडून काहीतरी ऐकू आलं. सहा ओळी म्हणजे वीस सेकंद. त्या त्यानं म्हटल्या.

डोळे उघडले तर काठी बाबांच्या मांडीवर आडवी होती आणि दोन्ही हातांनी त्यांनी ती घट्ट धरून ठेवली होती.

दवाखान्यात ते शनिवारी सकाळपर्यंत होते. शुक्रवारी बाईंनी गाणं लावलं नाही, कारण कुणी पाठवलंच नाही.

बाबांचे दिवस झाल्यावर कानसेननं ती फाइल ऐकली. बराच वेळ हेडफोन काढला नाही. “पहिल्या कडव्यात मशीन आहे,” तो शेवटी म्हणाला. “पुढचं स्वच्छ आहे. फक्त शेवटची वीस सेकंदं...”

“काय आहे तिथे?”

“तुला माहितीय काय आहे.” मग हलक्या आवाजात, “कापू?”

खिळ्यानं मान हलवली. ती हो होती की नाही, हे कानसेनला कळलं नाही, आणि त्यानं पुन्हा विचारलंही नाही.

त्यानंतरच्या सोमवारी माणसं येऊन भाड्याचं मशीन घेऊन गेली. ताईनं खाट उभी करून भिंतीला लावली, खाली झाडून घेतलं. खिळा दारात उभा होता. केर भरून ती त्याच्या जवळून जाताना थांबली.

“झाली खोली शांत,” ती म्हणाली. “म्हण आता एका दमात.”