वरच्या कप्प्यातल्या पेशी

मित्रांनो, मी एक जुना इनक्युबेटर आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात ती पेटी वेगळी. माझ्या पोटात पेशी वाढतात, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांना माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते, ओलावा लागतो आणि बेताचा गॅस लागतो. तो मी सिलिंडरमधून नळीने घेतो. माझं काम एवढंच, पण त्याला सुट्टी नाही.

एका कारखान्यात माझे पत्रे वाकवले, काच बसवली आणि लाकडी खोक्यातून मला या प्रयोगशाळेत आणलं. तेव्हा माझा केवढा तोरा! पाहुणे आले की मोठ्या डॉक्टरीणबाई आधी मलाच दाखवत. "आमची सगळी भिस्त याच्यावर," असं म्हणत. मी मनातून फुगून जाई. माझी देखभाल ताईंकडे. ताई म्हणजे इथल्या तंत्रज्ञ. माझ्या तळच्या ट्रेमधलं पाणी त्यांनी एकदाही आटू दिलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल.

वय कुणाला चुकलंय? माझा गॅस मोजणारा सेन्सर थकला. सगळं ठीक असतानाही मी टीं टीं करून बोंब मारू लागलो. आधी ताई धावत येत, सिलिंडर बघत, नळी चाचपत. पुढे पुढे बसल्या जागेवरून हात लांब करून आवाज बंद करायचं बटण दाबत आणि म्हणत, "म्हाताऱ्याची कुरकुर सुरू झाली!" सगळे हसत. नव्या सेन्सरसाठी अर्ज गेला होता, तो कुठल्या टेबलावर बसकण मारून बसला कोण जाणे.

अशातच माझ्या वरच्या कप्प्यात एका सहा वर्षांच्या मुलीसाठी पेशी आल्या. तिच्या मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण विरत चाललं होतं. या पेशी मेंदूत सोडल्या की नवं आवरण विणतील, अशी आशा होती. शस्त्रक्रिया सोमवारी ठरली.

शनिवारी दुपारी तिचे बाबा आले. ते वायरमन. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून दारातच उभे राहिले.

"ताई, वायरीचं प्लास्टिक उडालं की आम्ही टेप गुंडाळतो. हे तसंच ना?"

"तसंच. फक्त ही टेप आपली आपणच गुंडाळली जाते."

ते हसले. मग म्हणाले, "चालणं गेलं, बाकीचे शब्दही गेले. आता फक्त 'बाबा' म्हणते. तेवढं एक राहू दे."

ताईंचे डोळे भरून आले. नेमका तेव्हाच मी वाजू लागलो. या वेळी खोटं नव्हतं हो! सकाळीच सिलिंडर बदलला होता आणि नळीचा जोड सैल राहिला होता. माझ्यापर्यंत गॅस पोचतच नव्हता.

"ताई, काहीतरी वाजतंय."

"वाजू दे हो, त्याला सवयच आहे." ताईंनी बटण दाबलं.

ते घुटमळले. "नाही, आमच्याकडे काही वाजलं की आधी मेन स्विच बघतात..."

"तुम्ही निर्धास्त जा, भाऊ."

ते गेले. माझं तोंड बंद झालं होतं. रविवारी ताई येऊन तापमान बघून गेल्या, ते बरोबरच होतं. गॅसचा आकडा शून्यावर होता, पण त्या आकड्यावर आता कुणाचा विश्वास उरला नव्हता. पेशींभोवतीचा लालसर द्रव गॅसविना बिघडून जांभळा पडत गेला. मी ऊब देत राहिलो. गॅस कुठून आणू? पोटातली लेकरं गुदमरत होती आणि मी नुसता उभा होतो.

सोमवारी ताईंनी दार उघडलं. वरच्या कप्प्यातली एकही पेशी जिवंत नव्हती.

नव्या पेशी तयार व्हायला चार महिने लागले. मग शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. आता आवरण धरतंय, आजार जागीच थांबलाय, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पण मधल्या काळात तो एक शब्द गेला, आणि गेलेलं परत येत नाही.

परवा तिचे बाबा पुन्हा दारात आले. माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "त्या दिवशी वाजत होतं, ते हेच का?"

ताईंनी मान खाली घातली. "हो. चूक माझी आहे."

 ते अगदी हळू म्हणाले, "मी अजून एकदा विचारायला हवं होतं. मला वाटलं, शिकलेल्या माणसांना किती टोकायचं."

मित्रांनो, माझा सेन्सर आता नवा आहे. मी वाजलो की सगळे धावतात. तुमच्या घरातलं, शाळेतलं एखादं जुनं यंत्र कुरकुरलं, तर त्याला गप्प करण्याआधी उठून बघा, एवढंच मागतो. आणि कधी ते वायरमन भेटले, तर त्यांना सांगा की त्यांनी विचारलं होतं, वेळेवर विचारलं होतं. मी ऐकलंय. पण मला फक्त वाजता येतं.