ऊबबाबाच्या मांडीवरचं रक्त

रक्तपेढी तळमजल्यावर आणि बाळंतिणींचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, त्यामुळे रक्ताची पिशवी वर नेण्याचं काम नातेवाइकांच्याच गळ्यात पडायचं. ही सोय सगळ्यांत आधी ऊबबाबाच्या लक्षात आली. त्याने जिन्याखालचं बाक धरलं, मांडीवर जाड शाल पांघरली आणि दुकान थाटलं. पंधरा-वीस माणसं कायम भोवती.

“बर्फासारखं रक्त,” तो हळहळायचा. “हे तर मेलेलं रक्त. दे इकडे, प्राण फुंकतो.”

थंडगार पिशवी शालीखाली जायची आणि पाऊण तासाने चक्क गरम होऊन बाहेर यायची. लोक हात लावून बघत आणि मग तेच हात जोडत. पुढचा उपदेशही तयार असायचा: “रक्त चढताना हुडहुडी भरली तर घाबरायचं नाही. ती शक्ती उतरतेय. सिस्टरला हाक मारलीत की शक्ती जिन्यावरूनच माघारी फिरते.” शक्ती फार मानी होती म्हणायची.

वर एक सिस्टर या शक्तीच्या मागावर होती. रक्त चढवताना कुणाला थंडी वाजली, ताप आला, अंगावर पित्त उठलं की ती फॉर्म भरायची, म्हणून सगळे तिला फॉर्मबाई म्हणत. महिन्याभरात हुडहुडीचे अकरा फॉर्म जमले होते. त्यातल्या एकीची मूत्रपिंडं अजून ताळ्यावर आली नव्हती. ‘कुणी कळवलं’ या रकान्यात अकराही वेळा ‘सिस्टर’. नातेवाइकांनी तोंडातून ब्र काढला नव्हता. आणि पिशवी रक्तपेढीतून निघाल्याची वेळ व चढवायला घेतल्याची वेळ यांत दर वेळी तासाभराचं अंतर. तीन जिने चढायला तास? नातेवाईक काय गोगलगायी होते? फॉर्मबाईला संताप आला, तो आधी स्वतःचाच. वेळा तिनेच लिहिल्या होत्या, पण एकाखाली एक ठेवून वाचल्या आज.

त्याच दुपारी दोन नंबरच्या खाटेवरच्या पोरीचे वडील पिशवी घेऊन आले. बाळंतपणात रक्त जाऊन पोर पांढरीफटक पडली होती. फॉर्मबाईने पिशवीला हात लावला आणि ती बाजूला ठेवली.

“काका, हे कुठे शेकलंत?”

“शेकलं नाही. बाबांच्या तपाने गरम झालंय.”

“हे चढवायचं नाही. दुसरी पिशवी आणू, ती सरळ वर येईल.”

“मग माझ्या लेकीला लावायचीच नाही,” वडील अडून बसले. “एकुलती एक आहे. मेलेलं रक्त मी तिच्या अंगात जाऊ देणार नाही.”

पोरीचे ओठ सुकले होते. वाद घालायला वेळ नव्हता.

“बरं, तुमचंच खरं,” फॉर्मबाई म्हणाली. “मग रक्ताला मधे कशाला थांबवायचं? बाबांनाच वर आणा, लेकीच्या उशाशी बसवा.”

वडिलांना हे मनापासून पटलं. ते खाली धावले, मागोमाग फॉर्मबाई.

“आसन मोडता येत नाही,” बाबा म्हणाला.

“बाबा, पाया पडतो. लेकरू वर तळमळतंय.”

“पाय बधिर झालेत रे.”

“मग मी उचलून नेतो की.”

गडी अंगापिंडाने मजबूत. त्याने भक्तिभावाने बाबाच्या काखेत हात घातले आणि त्याला उभं केलं. शाल घसरली. मांडीवरून काहीतरी थुलथुलीत धप्पकन फरशीवर पडलं, बूच उडालं आणि गरम पाणी भक्तांच्या पायांवर गेलं. शेकायची रबरी पिशवी होती ती. चहा घेऊन आलेल्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याने लगेच ओळखली. बाबांची कंबर धरते म्हणून दिवसातून चार वेळा तोच ती भरून द्यायचा. बाबा सटकला, पण दारावरच्या शिपायाच्या हाती सापडला.

“रक्त मेलेलं नसतं, काका,” फॉर्मबाई म्हणाली. “थंडीत ठेवतात म्हणून तर टिकतं. असं शेकलं की त्यातल्या पेशी फुटतात. ते नासलेलं रक्त नसेत गेलं की माणूस कापायला लागतो, आणि त्याला तुम्ही शक्ती म्हणता. हात जोडायच्या आधी एकदा शाल उचलून बघावी माणसाने.”

दुसरी पिशवी सहा मिनिटांत वर आली. रक्त सुरू झालं आणि दहा मिनिटांनी पोर म्हणाली, “अप्पा, अंगाला खाज सुटलीय.”

वडिलांनी क्षणभर जिन्याकडे पाहिलं. मग घसा फाडून सिस्टरला हाक मारली. फॉर्मबाईने रक्त बंद केलं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात अंगावर उठलेल्या गांधी ओसरल्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीत रक्त पुन्हा हळूहळू सुरू झालं.

“सरळ आणलं तरी असं कसं झालं?” वडिलांनी विचारलं.

“कुणाकुणाला होतं. म्हणूनच तर लक्ष ठेवायचं. हाक मारलीत म्हणून खाजेवरच थांबलं.”

तिने बारावा फॉर्म काढला आणि ‘कुणी कळवलं’ या रकान्यात पहिल्यांदाच लिहिलं: वडील.