जिन्याचा दिवा

नांदगावच्या आमच्या घरात जिन्याचा दिवा एकच, बटणं मात्र दोन. एक जिन्याखाली, एक वरच्या खोलीत. कोणतंही दाबलं की पेटलेला दिवा विझतो, विझलेला पेटतो. मी मशिदीतून यायच्या आधी माझी बायको माजिदा वरून दिवा लावून ठेवायची. ती वारल्यावर मी त्या खोलीला कुलूप घातलं.

काल संध्याकाळी नमाजाहून आलो, तर जिन्यात उजेड. खालचं बटण होतं तसंच होतं.

आज वायरमन शेखरला कुलूप उघडून दिलं. त्याने सगळं तपासलं.

"चाचा, वायरिंग ठणठणीत आहे. पण बटणावरच्या धुळीत बोट उमटलंय."

"किल्ली माझ्याच खिशात असते."

त्याने घाईने पेचकस काढला. "हे बटण काढूनच टाकतो."

मी त्याचा हात धरला. "राहू दे, बाबा. संध्याकाळी मला नमाजाहून परत यायचंय."