बिरोबाच्या देवळातली टोपली

बुधवारी कोंडाबाई दळणासाठी गिरणीत बसली होती आणि लेकीच्या फुशारक्या मारत होती. दहावीनंतर करिश्माची शाळा सुटली होती. पण तिच्या मोबाईलवर एक गट होता, 'मेंढरांची शाळा' नावाचा. लोहारा, तेर, उमरगा इकडच्या बारा बाया-पोरी आणि धाराशिवची एक जनावरांची डॉक्टरीण. कुणाच्या कोकराला काय झालं, लस कधी टोचायची, हे त्या एकमेकींकडून शिकत. आपल्याला किती येतं यापेक्षा कुणाला विचारायचं ते कळलं की झालं, असं करिश्मा म्हणे. कोंडाबाई गिरणीत एवढंच बोलली, "आमच्या करिश्माला पार उमरग्यापतोर माणसं वळखत्यात."

दळण घरी पोचायच्या आधी गावभर झालं, की कोंडाबाईची पोरगी परगावच्या पोरांशी बोलते.

शुक्रवारी भावकीनं ठराव केला. बिनलग्नाच्या पोरींचे मोबाईल रविवारी बिरोबाच्या देवळात जमा करायचे. पहिली सही भावकीतल्या मानाच्या भागवत अण्णांची. त्यांनी आपल्या लेकीचा, अर्पिताचा मोबाईल दोन वर्षांपूर्वीच काढून घेतला होता, आणि सोळाव्या वर्षी तिला उमरग्याकडं उजवूनही टाकली होती. असला बेकायदा कारभार माणूस लपवेल. अण्णा चारचौघांत दाखला म्हणून सांगत.

रविवारी सकाळी कोंडाबाईच्या नवऱ्यानं, बिराप्पानं, लेकीपुढं हात पसरला. "आण तो मोबाईल. पुढल्या म्हैन्यात पाव्हणे येतेत तुला बघाया."

करिश्मानं मोबाईल ओढणीला पुसला आणि आईच्या हातात दिला. "आये, कोकराचं इचारायचं ऱ्हायलं."

कोंडाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याच जिभेनं आपण पोरीचं शिकणं तोडलं, हे तिच्या मनातून जाईना. "म्या नेऊन देते," ती नवऱ्याला म्हणाली.

देवळात टोपलीत सात मोबाईल पडले होते. पोरी बाहेर पायरीखाली उभ्या होत्या. कोंडाबाई टोपलीपाशी बसलेल्या अण्णांपुढं आली. पण मोबाईल तिनं मुठीतच धरला.

"अण्णा, ह्यो मोबाईल माजा हाय. सिमकार्ड माज्या नावावर हाय. अन माजं लगीन हून अठरा वर्सं झाली. तुमचा ठराव मला लागू न्हाय."

जमलेले पुरुष हसले. बिराप्पा जमिनीकडं बघू लागला.

"वहिनी, तुमाला सही येत न्हाय," अण्णा म्हणाले. "तुमचा असंल तर चालवून दाखवा. न्हाय जमलं तर टाका टोपलीत."

रोज भाकरी थापताना तिनं लेकीचा अंगठा कुठं जातो ते पाहिलं होतं. गटाचं मेंढीचं चित्र सापडलं. खालची बोलायची खूण तिनं दाबून धरली. "म्या कोंडाबाई. कोकरू दोन दिसापास्नं दूध ओढंना. काय करू?"

अंगठा उचलला. काहीच झालं नाही. अण्णांनी मोबाईल घ्यायला हात पुढं केला.

तेवढ्यात मोबाईल वाजला. कोंडाबाईनं आलेला निरोप दाबला. तेरची एक बाई म्हणत होती, "मावशी, त्याच्या तोंडात बघा, फोड आलेत का." मागोमाग डॉक्टरीण, "फोड असतील तर वेगळं बांधा. मी उद्या लोहाऱ्याला येतेय, येऊन बघते."

मग तिसरा आवाज आला. देवळातल्या प्रत्येकानं तो लहानपणापासून ऐकलेला होता.

"काकू, म्या अर्पिता. सासूच्या मोबाईलवरून बोलतेय. ठरावाचं कानावर आलंय. करिश्माचं शिकणं बंद करू नका. माजं बंद केलं तवा मला वाटलं, अण्णा येक डाव तरी इचारत्याल, पोरी, तुला काय शिकायचं व्हतं? न्हाय इचारलं."

अण्णांचा हात तसाच पुढं होता. ते म्हणाले, "आणिक येकदा लावा."

तिनं लावलं. मग त्या पसरलेल्या हातावर मोबाईल ठेवला. "हितं अंगठा दाबून धरायचा, अन बोलायचं."

अण्णांनी अंगठा टेकवला. "पोरी... तुला काय शिकायचं व्हतं?"

उत्तर यायचं होतं. सगळे त्या मोबाईलकडं बघत बसले. टोपलीतले सात मोबाईल ज्यांचे, त्या पोरी पायरीखाली उभ्याच होत्या, आणि त्यांना हे अजून कुणीच विचारलं नव्हतं.