आठ वाजून तीन मिनिटं

आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ कधी बरोबर नसायचं. मला कामावर उशीर होऊ नये म्हणून बायको ते पाच मिनिटं पुढे ठेवायची. दर रविवारी स्टुलावर चढून लावायची आणि म्हणायची, "पाच मिनिटं पुढे आहे हो."

ती गेली त्याला आठ आठवडे झाले होते, तेव्हा हॉस्पिटलमधून फोन आला. हृदय बंद पडलेल्या माणसाला औषध शिरेतून द्यावं की हाडातून, यावर तिथे अभ्यास चालू आहे. रुग्णवाहिकेतल्या बंद पाकिटात जे निघेल तसं द्यायचं. हिचं हृदय बंद पडलं तेव्हा पाकिटात 'हाड' निघालं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिची माहिती वापरायला मी नंतर सही दिली होती.

"काका, वेळा जुळत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काकू आठ-दहाला पडल्या असं तुम्ही सांगितलंत. तुमचा फोन आम्हाला आठ-पाचला आला. पडायच्या आधी फोन कसा येईल? हे सुटलं नाही तर काकूंची नोंद सोडून द्यावी लागेल."

"मी स्वयंपाकघरातल्या घड्याळात पाहिलं होतं, ते पुढे आहे," मी म्हणालो. पाच वजा केले की आठ-पाच. छान जुळत होतं. पण किती पुढे ते मी सांगितलं नाही. मी चाळीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे तपासले. काटा फार छान जुळला की मी तो पुन्हा तपासायचो. शिवाय ती पडल्यावर मी लगेच फोन केला नव्हता, हे मला माहीत होतं.

"आठवडाभर थांबा. नोंद सोडू नका," मी म्हणालो.

घड्याळाला ती गेल्यापासून कोणी हात लावला नव्हता. मोबाइलशी ताडून पाहिलं, तर ते अकरा मिनिटं पुढे.

"मग अकरा सांगून टाका, बाबा," लेक म्हणाली.

"आधी ते पळतं का ते बघू."

आठवड्यात ते आणखी अर्धं मिनिट पुढे गेलं. म्हणजे आठ आठवड्यांत चार मिनिटं. अकरातून चार गेले, सात राहिले. ती पडली सोमवारी, घड्याळ लावलं होतं आदल्याच दिवशी.

"सात कसे? ती तर पाच ठेवायची."

लेक हसायला लागली. "आई तुम्हाला पाच सांगायची आणि सात लावायची. पाच तुम्ही मनातल्या मनात वजा करता, हे तिला ठाऊक होतं."

चाळीस वर्षं लोकांची लबाडी पकडली आणि घरातली दोन मिनिटं सापडली नाहीत!

मी हॉस्पिटलात जाऊन आठवड्याच्या नोंदींचा कागद डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे आठ-तीन. मग फोनपर्यंतची दोन मिनिटं?"

"तोंडावर पाणी मारलं. हाका मारल्या. तेही लिहा."

त्यांनी लिहिलं. मी विचारलं, "ती दोन मिनिटं गेली नसती तर?"

"खरं सांगू का काका, एका माणसाबद्दल मला नाही सांगता येणार. हजारो जणांच्या वेळा एकत्र आल्या की थोडं कळतं. म्हणून तर काकूंची हवी होती."

"आता आहे ना ती त्यात?"

"आहे."

नोंदीत तिचं नाव नाही, नुसता क्रमांक आहे. पण त्याच्यापुढची वेळ खरी आहे, याची खात्री मी देतो.

रविवारी मी स्टुलावर चढून घड्याळ लावलं.

"किती पुढे ठेवलंत?" लेकीने खालून विचारलं.

"पाच," मी म्हणालो.

तिने मोबाइल काढून पाहिला. "बाबा, सात आहेत."

"असू दे," मी म्हणालो. "स्टूल धर."