गाडी जामलाच थांबेल

महादेवरावांची हॉटेलं तीन. एक सेलूला, एक अल्लीपूरला आणि एक जामच्या चौरस्त्यावर. तिन्हीकडे तेच निळे बाक, तोच गोडमिट्ट चहा, तीच बोटांना पाक लावणारी बालुशाही. सुनीतीचं माहेर सेलूचं. लग्नानंतर वर्ध्याहून समुद्रपूरच्या शाळेत अपडाऊन सुरू झालं तेव्हा जामच्या हॉटेलात ती पहिल्यांदा शिरली, आणि नवख्या जागी आल्यासारखं तिला वाटलंच नाही.

पण ती तिथे उतरायची ते काही बालुशाहीसाठी नव्हे. भट्टीच्या मागे फुलाफुलांचा पडदा होता. पडद्याआड एक खाट, आणि खाटेपलीकडे बायकांचं बाथरूम. पाण्याचा ड्रम भरलेला, दाराला आतून कडी. पडद्याबाहेर महादेवरावांच्या मंदाबाई कांदे चिरत बसायच्या. त्या बसल्या असताना तिकडे डोळा वर करून पाहायची कोणत्या पुरुषाची टाप नव्हती.

इला पाच महिन्यांची झाली आणि सुनीती समुद्रपूरच्या शाळेत परत रुजू झाली. लेकीला सोबत न्यायची, शाळेजवळच्या एका मावशींकडे ठेवायची. इला बाटली तोंडात धरत नसे. वाटी-चमचा, झारी, सगळं करून झालं होतं. सासूबाईंनी साफ सांगितलं होतं, "महिनाभर पाह्यजो. पोरीचे हाल झाले तं नोकरी सोडून देजो." निशांत काहीच बोलला नव्हता, आणि नवऱ्याचं ते न बोलणंच तिला जास्त टोचत होतं. म्हणजे नोकरी टिकायची तर गाडी जामला चहाला थांबे, त्या पंधरा मिनिटांत पडद्याआड पाजण्यावर.

वर्ध्याहून भैय्याजींची मिनीबस निघे. गाडी त्यांची, चालवायचेही तेच. मास्तर, कारकून, नर्सबाई असे अठरा जण रोजचे. एका सोमवारी हिंगणघाट मागे पडलं, आणि जाम किलोमीटरभर राहिलं असताना भैय्याजींनी गाडी डावीकडे घातली. समोर नवं कोरं काचेचं हॉटेल.

"माया साळ्यानं टाकलं," भैय्याजी मान ताठ करून म्हणाले. "पियुषनं. मशीनची कॉफी भेटते. आता रोज इथंच थांबू."

सुनीती इलाला घेऊन उतरली. आत गारेगार, खुर्च्या गुबगुबीत. बाथरूमचं दार टेबलांच्या अगदी समोर, आणि कडीच्या जागी नुसतं भोक. पोरीला पाजायला आडोसा आहे का, असं तिनं हळूच विचारलं. गल्ल्यावरचा पियुष वर न पाहता म्हणाला, "मॅडम, टेबलावर बसा नं. ऑर्डर काय देऊ?"

ती गाडीत परतली. पदर ओढून मागच्या सीटवर बसली, पण खिडकीखाली पानवाले उभे, येणाराजाणारा डोकावणारा. इला दोन घोट प्यायची, दचकायची, सोडून द्यायची. समुद्रपूरपर्यंत पोर रडत गेली. मंगळवारीही तेच झालं. त्या रात्री सुनीतीनं राजीनाम्याचा अर्ज मनातल्या मनात तीनदा लिहिला.

बुधवारी गाडी पुन्हा काचेसमोर थांबली. इलानं आधीच सूर लावला होता. सुनीती जागची हलली नाही.

"उतरा नं मॅडम," भैय्याजी म्हणाले.

"मी जामला उतरीन."

"अवो, इथं अन् तिथं काय फरक हाये? चहा तं चहाच."

"मग तिथेच थांबवा."

कोणीतरी हसलं. भैय्याजींचा चेहरा लाल झाला. तहसीलचे म्हातारे कारकून, ज्यांना सगळी गाडी नाना म्हणे, अर्धे उठले होते ते परत टेकले. "बरोबर सांगून राह्यली पोरगी. इथली कॉफी म्हणजे निरा फेस. बालुशाही बुडवून खाल्ली तं थो पियुष असा पाह्यते, जसं म्या त्याच्या बापाचं धोतर ओढलं. मी नाई उतरत."

"तुमाले खायाचंच सुचते, नाना!" समोरून नर्स प्रमिलाबाई कडाडल्या. "मी सांगतो काऊन नाई उतरत थे. दोन दिस झाले, वर्ध्यापासून समुद्रपूरपर्यंत आमी बायका पाणी पेत नाई. इथच्या बाथरूमले कडी नाई. मंदाबाईच्या तिथं हाये. अन् या लेकराले उपाशी नेऊन राह्यले तुमी दोन दिसांपासून. समजलं?"

इतकी वर्षं सोबत चहा पिणाऱ्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. एकालाही हे ठाऊक नव्हतं. दारापाशी पोचलेले दोन मास्तर मुकाट्यानं मागे फिरले आणि बसले. मग पायरीवरचा एक जणही वर आला. काचेतून पियुष हातानं "या, या" करत होता आणि गाडीतून एकही माणूस उतरत नव्हता.

"अबे, साळ्याले काय तोंड दाखवू मी?" भैय्याजी कळवळले.

"घरवालीले इचारा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "थे सांगन, कोण बरोबर हाये थे."

सगळी गाडी खो खो हसली. भैय्याजींनी कपाळाला हात लावला, गियर टाकला, आणि गाडी हायवेला लागली. कोणीतरी टाळी वाजवली. सुनीतीला रडू येत होतं आणि हसूही.

जामच्या चौरस्त्यावर मंदाबाई सुरी हातात घेऊनच बाहेर आल्या. "काऊन वो बाई, दोन दिस कुठं गेलत्या? मले वाटलं, लेकरू बिमार पडलं का काय!" इलाचा आवाज कानी पडताच त्यांनी पडदा बाजूला केला. "जा आंधी, मंग बोलू."

खाटेवर टेकल्यावर सुनीतीनं पदर सैल सोडला. इला गटागटा पिऊ लागली, इतकी की तिच्या गळ्याचा आवाज ऐकू यावा. बाहेर कपांची किणकिण, नानांची तिसरी बालुशाही, आणि भैय्याजींचं, "च्या मलेही द्या एक, कडक." सुनीतीच्या मनातला अर्ज कुठच्या कुठे गेला. संध्याकाळी सासूबाईंना काय सांगायचं, ते तिला आता नीट ठाऊक होतं. महिना कशाला पाहायचा? ती शिकवणार होती.

पंधरा मिनिटं झाली. हॉर्न वाजला.

"चला मॅडम, शाळेची घंटा होईन!"

इलानं दुसरी बाजू नुकती कुठे धरली होती. दोन दिवसांमागे सुनीती घाईनं उठली असती, पोरीला मधेच सोडवून, माफी मागत.

"थांबा भैय्याजी," ती पडद्याआडून खणखणीत आवाजात म्हणाली. "अजून तिचं पोट भरलं नाही."

बाहेर भैय्याजींनी इंजिन बंद केलं, आणि पुन्हा हॉर्न वाजला नाही.