तेओच्या वाटणीचं चीज

आज सकाळी भेग सत्तेचाळीस पूर्णांक तीन मिलिमीटर होती. काल सेहेचाळीस पूर्णांक नऊ. तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीत भेगेच्या दोन्ही अंगांना मी एकेक पितळी खिळा ठोकला आहे, आणि गेली दोन वर्षं रोज सकाळी सहाला व्हर्नियर लावून त्यांच्यातलं अंतर मोजते. पहिल्या वर्षी ती महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर वाढायची. या उन्हाळ्यात आठवड्याला एक. आता दिवसाला जवळजवळ अर्धा. खाली दरीतल्या शाळेत मी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. असा आलेख पुढे कुठे जातो, हे सांगायला मला फळ्याचीही गरज पडली नसती.

मी वर आले की तेओ विचारतो, "किती?" मी सांगते. तो "हं" म्हणतो आणि कॉफी ओततो. आज त्याने विचारलं नाही. म्हणाला, "चल, फिरायला जाऊ."

"कुठे?"

"कुठे नाही. इथेच, गावात."

आमच्या सोर्वेत कोणी फिरत नाही. पाहुणे फिरतात. आम्ही गवताला जातो, लाकडाला जातो, चर्चमध्ये जातो. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण हातात टोपली किंवा दाताळं नसताना आम्ही दोघं या गल्लीतून चाललो असू, असं मला आठवत नाही. तेओने रविवारची टोपी घातली. त्याच्या कोटाचा उजवा खिसा फुगलेला होता.

डोंगराच्या अंगाला असलेल्या बारा घरांना पंचायतीचं पत्र येऊन चौदा महिने झाले. डोंगर घसरतोय, खाली दरीत घर देतो, सही करा. अकरा घरांनी सह्या केल्या. आमचं पत्र भिंतीवरच्या घड्याळामागे खोचलेलं आहे आणि उद्या त्याची मुदत संपते. पुढच्या आठवड्यात बर्फ पडेल, रस्ता बंद होईल, आणि मग वसंतापर्यंत काय ते डोंगर ठरवेल. घर तेओच्या आजोबांनी बांधलेलं. मी पलीकडच्या दरीतून आलेली. म्हणून मी सुरुवातीलाच स्वतःशी ठरवलं होतं की आकडे मी सांगायचे, पण जाण्याची गोष्ट त्यानेच काढायची. तो काढत नव्हता. मी मोजत होते.

हौदाशेजारच्या बाकावर उफेमी आत्या उन्हाला बसली होती. तेओच्या वडिलांची ही धाकटी बहीण, अठ्ठ्याऐंशीची. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"दोघंही रिकाम्या हातांनी? कोण गेलं?"

"कोणी नाही, आत्या. फिरतोय," तेओ म्हणाला.

"फिरतोय! मग गळ्यात कॅमेरा अडकव आणि मला विचार, बाई, हे गाव किती जुनं?"

"किती जुनं, बाई?"

"माझ्याहून जुनं, आणि माझ्याहून कमी हलणारं. निदान परवापर्यंत तरी." ती हसली आणि मग खोकली. तिच्या सामानाची खोकी दाराशी बांधून ठेवलेली दिसत होती. "मी सही केली बाबा. सगळ्यांत पहिली. लोक म्हणाले, म्हातारीला काही वाटत नाही. वाटतं की! पण मी गेले तर डोंगराला माझ्यामागे धावत यावं लागेल, एवढाच माझा सूड." मग तिने माझा हात धरला आणि आवाज खाली आणला. "तू का नाही बोलत, मार्सलीन? शिकलेली आहेस ना?"

"शिकलेय म्हणूनच, आत्या."

"मग तुझ्या शिक्षणाला काडी लाव," ती म्हणाली, आणि डोळे मिटून पुन्हा उन्हाकडे तोंड करून बसली.

तेओ पुढे गेला होता. गावाच्या सामायिक भट्टीपाशी थांबून त्याने लोखंडी दारावर हात ठेवला. राय धान्याच्या पावांची पाळी लागायची तेव्हा तीन-तीन दिवस ते दार थंड व्हायचं नाही. मग धान्याची कोठारं. उंदीर चढू नयेत म्हणून प्रत्येक खांबावर एकेक सपाट गोल दगड असतो आणि त्यावर कोठार. शेवटच्या कोठाराचा एक दगड खांबावरून बोटभर सरकलेला होता. तेओने त्याला खांदा लावला. मी पाहत राहिले. सत्तरीचा माणूस सहा टनांच्या कोठाराला खांदा लावतो, आणि बायको उभी राहून पाहते. मी त्याला थांबवलं नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच सरळ झाला आणि टोपी नीट केली.

"सरकत नाही," तो म्हणाला.

"नाही."

वर कुरणात पाटाचं पाणी वाहतं. डोंगराच्या कडेने हा पाट त्याचे पणजोबा-खापरपणजोबा राखत आले. लार्चची झाडं पिवळी झाली होती आणि सगळीच्या सगळी थोडी मागे रेलली होती, कोणी छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखी. एका जागी पाट फुटून पाणी जमिनीतच जात होतं. तेओने बुटाच्या टाचेने माती लोटून भोक बुजवलं. पाणी वाहू लागलं. दोन पावलांवर ते पुन्हा जमिनीत गेलं. त्याने तेही बुजवलं. तिसऱ्यांदा पाणी कुठे गेलं ते दिसलंच नाही. नुसता खोलवर आवाज येत होता.

"खाली कुठे निघत असेल?" त्याने विचारलं.

"कुठेच निघत नाही. आत साठतं. त्यानेच सगळं घसरतंय."

"म्हणजे माझ्याच पाटाने."

"तुझ्या पाटाने नाही, तेओ. पावसाने, बर्फाने. पाट एवढासा."

"एवढासा," तो म्हणाला. त्याचं समाधान झालं नव्हतं.

कुरणाच्या टोकाला फळीचं बाक आहे. तिथून सगळं गाव दिसतं. आम्ही बसलो. तेओने फुगलेल्या खिशातून फडक्याची गाठोडी काढली. तिच्यात रायचा पाव होता आणि हाताएवढा चीजचा तुकडा, जुन्या लाकडासारखा तपकिरी. त्याने चाकूने पापुद्रा काढला तेव्हा मला कवचावरचा छाप दिसला. आमच्या लग्नाचं साल, आणि खाली 'टी' हे अक्षर.

आमच्याकडे लग्नाच्या उन्हाळ्यात नवराबायकोच्या नावाने चीजचं एकेक मोठं गोल चाक करून तळघरात ठेवतात. दर शनिवारी ते मिठाच्या पाण्याने पुसायचं, उलटायचं. ते कापायचं एकाच दिवशी. ज्याच्या नावाचं, त्याला पुरून आल्यावर, खांदा देणाऱ्यांना आणि गावाला खायला.

आमची दोन चाकं त्या भेगेच्या बाजूच्याच फळीवर असतात. सकाळी मी तिथे अर्धा तास होते. दशांश मिलिमीटर मोजला, आणि कापलेलं चाक मला दिसलं नाही.

"तेओ, हे कुणाचं?"

"माझं. तुझ्याला हात लावलेला नाही."

"कधी कापलंस?"

"काल, तू धुणं वाळत घालत होतीस तेव्हा. करवत लागली. धर."

"मी नाही खाणार."

"खा गं. एवढी वर्षं पुसलंस, चव तरी बघ."

"मग त्या दिवशी लोक काय खातील?"

"खाली दुकानं आहेत." तो गावाकडे पाहत होता. "आणि इथे खांदा कोण देणार, सांग. चार माणसं लागतात. उफेमी आत्या एक. बाकीची तीन?"

मला हसू आलं आणि पुरतं आलं नाही. मी पापुद्रा तोंडात ठेवला. तो खूप खारट होता आणि दातांखाली कण लागत होते. विरघळायला बराच वेळ लागला. चौदा महिने मी एका वाक्याची वाट पाहत होते. आता ते येणार हे कळल्यावर मला वाटलं, याने आज बोलू नये. आणखी एक दिवस जाऊ दे. मी उद्या कमी आकडा सांगेन.

त्याने चाकू पुसून मिटला.

"आज किती?" त्याने विचारलं.

मी कधी त्याला खोटा आकडा सांगितलेला नाही.

"सत्तेचाळीस पूर्णांक तीन."

"हं," तेओ म्हणाला. उरलेलं चीज त्याने फडक्यात गुंडाळलं, गाठ मारली, आणि गाठोडी माझ्या मांडीवर ठेवली.

"घड्याळामागचं पत्र काढ, मार्सलीन. आपण जातोय."